डबी विकणे आहे

आमच्या इमारतीला लिफ्ट बसवायचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्या एकमतात माझंही मत होतं, हे आधीच सांगून टाकतो. हात वर करताना मला कल्पना नव्हती की लिफ्टसाठी जो खड्डा खणायचा तो नेमका डबीच्या जागेवर येणार आहे. सेक्रेटरी नकाशा घेऊन घरी आले तेव्हा मी तो उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मी एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवतो. नकाशा कसाही धरला तरी खड्डा डबीखालीच येत होता.

डबी म्हणजे आमची गाडी. खरं तर माझ्या सासऱ्यांची. ब्रिटिश बनावटीची, दोन दारांची, पाठीत जराशी वाकलेली. समोरून पाहिली तर घरात काहीतरी विसरून आलोय असा तिचा चेहरा. सासू-सासरे आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानाच्या ट्रकमागे दोर बांधून ती आली. पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली बसून तिचा रंग कुठला हे सांगणं कठीण झालं होतं. पुढची तीन वर्षं, शाळा सुटल्यावर आणि झाडून सगळ्या सुट्ट्यांत, मी तिच्याखाली उताणा पडून होतो. यांचा चेहरा विसरायला झालाय, पायांवरून ओळखते, असं बायको पाहुण्यांना सांगायची. पण मी ती उभी केली. इंजिन खोललं, धुतलं, पुन्हा बसवलं. दोन स्क्रू उरले ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि ते कुठले हे मला विचारू नका. रंग दिला दुधी हिरवा. बंपर टूथपेस्टने घासला. त्या काळात आमच्या घरात दात घासायला टूथपेस्ट मिळायची नाही.

प्रत्येक अडचणीला मी बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे जायचो. बाबा मितभाषी. पेपर खाली करून माझं सगळं ऐकून घ्यायचे. "कार्ब्युरेटरमध्ये हवा जास्त जात असेल का?" असं विचारलं की थोडा वेळ विचार करून म्हणायचे, "हं. तसंच असेल." जुन्या माणसांचं हेच असतं. एका शब्दात उत्तर. मी शाळेत, स्टाफरूममध्ये, दूधवाल्यापाशीसुद्धा सांगायचो की आमच्या सासऱ्यांना त्या गाडीची नस न् नस ठाऊक आहे. आई, म्हणजे सासूबाई, रोज साडेपाचला चहा आणून माझ्या पायांपाशी ठेवायच्या. एकदा जरा थांबून म्हणाल्या, "तो आवाज मागच्या डाव्या बाजूचा आहे हं." मी गाडीखालूनच "बरं बरं" म्हटलं आणि पुढची उजवी बाजू खोलली.

तर खड्डा. "गाडी रस्त्यावर लावा की," सेक्रेटरी म्हणाले. आमच्या रस्त्यावर सेक्रेटरींच्या स्कूटरचे आरसे आजवर चार वेळा गेले आहेत, याची मी त्यांना आठवण करून दिली. लिफ्टला विरोध करावा तर ती लागणार होती बाबांच्याच गुडघ्यांना. तिसरा मजला चढताना ते प्रत्येक वळणावर भिंतीवरचं मीटर वाचण्याचं नाटक करत उभे राहत, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"विकून टाकू," बायको म्हणाली. तिने इतक्या सरळ आवाजात म्हटलं की मला पाणी प्यावं लागलं.

मी बाबांची परवानगी घ्यायला गेलो. बाबांनी पेपर खाली केला, ऐकून घेतलं, म्हणाले, "लिफ्ट तर हवीच." आत आई भांडी लावत होत्या. मध्येच भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

जाहिरात मी स्वतः लिहिली. गाडीचा इतिहास, दुरुस्तीचे टप्पे, एकेका भागाची स्थिती, असं मिळून दोन पानं झाली. सल्ल्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या वकिलांना दाखवली. ते म्हणाले, "'उत्तम स्थितीत' काढा. उद्या कोर्टात उत्तम म्हणजे काय हे सिद्ध करत बसाल. 'जशी आहे तशी' लिहा." दुसऱ्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. 'जशी आहे तशी' अशी पाटी गळ्यात अडकवून कोण चारचौघांसमोर जाईल, असं म्हणून त्यांनी ते शब्द काढायला लावले आणि गाडीचा हॉर्न अचूक काळी चारमध्ये वाजतो ही दुर्मीळ गोष्ट घालायला सांगितली. शेवटी बायकोने दोन्ही पानं घेतली आणि एक ओळ परत दिली: 'जुनी छोटी ब्रिटिश गाडी, चालू, विकणे आहे.' तीन वर्षांच्या तपश्चर्येबद्दल 'चालू' हा शब्द. आपल्या भाषेत चालू कोणाला म्हणतात हे काय मी सांगायला हवं?

पहिले गिऱ्हाईक हॉटेलवाले होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी खिशातून टेप काढली आणि लांबी-रुंदी घेतली. "दारातून जाईल," ते समाधानाने म्हणाले. मी विचारलं, कुठल्या दारातून? तर त्यांना गाडी हॉटेलात ठेवून बॉनेटच्या जागी आईस्क्रीमचं काउंटर करायचं होतं. "इंजिन तुम्ही काढून घ्या, मला नकोच आहे." ज्या इंजिनासाठी मी मेहुणीच्या मुलीच्या लग्नात काळ्या नखांनी मिरवलो होतो, त्याबद्दल हे बोलणं. मी गाडी विकली गेली असं सांगून त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो.

दुसरे एक व्यायामशिक्षक होते, सहा फूट चार इंच. ते आत कसे बसले ते मला दिसलं नाही, कारण क्षणभर मी दिवे पुसत होतो. पुसून झाल्यावर पाहिलं तर गुडघे स्टीअरिंगच्या दोन बाजूंना आणि मान छताला टेकून तिरपी. "छान आहे," ते त्या तिरप्या मानेने म्हणाले, "आता उतरू कसा?" वकील आले, त्यांनी एक पाय आधी काढायला सांगितला. गाण्याच्या बाईंनी श्वास सोडायला सांगितला. बायकोने खिडकीतून चहा दिला. पाऊण तासाने मी पलीकडच्या दाराने मागे शिरून सीटचे चार नट सोडवले आणि व्यायामशिक्षक सीटसकट बाहेर आले. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, पण किंमत विचारली नाही.

मधल्या काळात कागदपत्रं तयार ठेवावीत म्हणून मी बाबांना घेऊन वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागचे कारकून शांत, सभ्य आणि अचूक होते. या तीन गुणांचा माणूस कचेरीत भेटला की समजावं आपलं काम होत नाही. त्यांनी फाईल काढून धूळ झटकली आणि म्हणाले, "पुस्तकात रंग राखाडी आहे. गाडी हिरवी." मी म्हटलं, रंग मी दिला. "मग रंगबदलाचा अर्ज. मालकाची सही." बाबांनी सही केली. कारकुनांनी ती फाईलमधल्या जुन्या सहीशेजारी धरली आणि भिंग घेतलं.

"सही जुळत नाही."

"पन्नास वर्षांपूर्वीची आहे ती," मी म्हटलं. "माणूस बदलतो."

"माणूस बदलू दे. सहीबदलाचा अर्ज वेगळा आहे."

"मग तो द्या."

"देतो. त्यावर जुन्या सहीसारखी सही लागेल."

मी खिडकीतून डोकं घालून जुनी सही पाहिली. झोकदार, उताराला लागल्यासारखी, खाली एक लांब वेलांटी मारलेली. बाबांची आजची सही म्हणजे मुंग्यांची रांग. तारुण्यात हा माणूस किती वेगळा असेल असं वाटून माझा ऊर भरून आला. सहीचा एक फोटो काढून घरी आणला आणि बाबांना माझ्या आलेखाच्या कागदावर सरावाला बसवलं. उताराचा कोन मी मोजून दिला होता, साडेतेवीस अंश. बाबा तक्रार न करता रोज दोन पानं स्वतःचं नाव लिहायचे. मी तपासून लाल पेनने शेरा द्यायचो. आठव्या दिवशी मुंग्या थोड्या तिरक्या झाल्या, एवढंच. बाबांनी एकदा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काही सांगणार आहेत. पण त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं पान घेतलं.

आणि मग एका रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टर आल्या. त्यांचं घर आणि दवाखाना आमच्यापासून चार गल्ल्यांवर. जाहिरात वाचून चालतच आल्या होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलायला नेमक्या. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, आत टॉर्च मारला आणि एकेक कोपरा तपासला. मी तोंड उघडून उभा होतो. "काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. त्यांना गाडी रोज चालवायला हवी होती. शोभेला नको होती.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डबीचा रिव्हर्स गिअर माझ्याकडून पडत नसे. गिअरबॉक्स दोनदा खोलून झाला होता, मेकॅनिकनेही त्यात दोष नाही म्हणून सांगितलं होतं. पण दांडा मागे न्यावा तर तो भिंतीला टेकल्यासारखा थांबायचा. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "हं, असं होतं खरं." म्हणून मी पुढेच जायचो आणि मागे यायचं असेल तर उतरून ढकलायचो. हे डॉक्टरांना सांगायची योग्य वेळ मी शोधत होतो. तोवर त्या गाडी घेऊन फाटकाबाहेर पडल्या होत्या आणि आमची गल्ली पुढे बंद आहे.

मी मागोमाग धावलो. भिंतीपासून हातभर अंतरावर त्यांनी गाडी थांबवली. दांडा हलवला. पुन्हा हलवला.

"रिव्हर्स कसा टाकायचा?"

"तो जरा," मी म्हटलं, "तुम्ही बसा. मी ढकलतो."

"ढकलतो म्हणजे?"

मी पुढच्या बाजूने खांदा लावला. सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले. वकील बाल्कनीतून 'जशी आहे तशी'ची आठवण करून देऊ लागले. तेवढ्यात समोरून आई आल्या, हातात भाजीची पिशवी. थांबल्या. गाडीकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे.

"हे धरा," म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही जरा पलीकडे सरकता का?"

डॉक्टर सरकल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई स्टीअरिंगवर बसल्या. त्यांनी सीट दोन खाचा पुढे घेतली, आरसा न पाहता बोटाने सारखा केला, दांडा आधी खाली दाबला, मग स्वतःकडे वळवून मागे ओढला. 'खट' असा आवाज झाला. तो आवाज मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. मग त्या मान वळवून, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून, सबंध गल्ली एका वेगात उलटी आल्या. सेक्रेटरींची स्कूटर आणि लिफ्टसाठी टाकलेला वाळूचा ढीग यांच्यामधून फाटकात शिरल्या, आणि डबी स्वतःच्या जागेवर अशी उभी राहिली की मला बाजूला पट्टी लावून पाहावंसं वाटलं. मी भाजीची पिशवी घेऊन गल्लीच्या टोकाला तसाच उभा होतो.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर उतरून म्हणाल्या, "मी घेतली. पण हे मला शिकवावं लागेल."

"दहा मिनिटांचं काम आहे," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

वर गेल्यावर मी बायकोला गाठलं. "आई गाडी चालवायच्या?"

"मग कोण चालवणार?"

"बाबा."

"बाबांना गाडी कुठे येते?" ती म्हणाली. "मला शाळेत आईच सोडायची. बाबा ऑफिसला जायचे तेही तिच्याच गाडीतून."

"मग इतकी वर्षं मी बाबांची गाडी, बाबांची गाडी म्हणतोय, तेव्हा कोणी बोललं का नाही?"

"मला वाटलं, कागदावर बाबांचं नाव आहे म्हणून म्हणता. तुम्ही विचारलंत कधी, चालवायचं कोण ते?"

मी बाबांच्या समोर जाऊन बसलो. कार्ब्युरेटर, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर, तीन वर्षांतलं माझं सगळं सल्लामसलतीचं आयुष्य डोळ्यांसमोर होतं. बाबांनी पेपर खाली केला.

"तुम्ही इतक्या उत्साहाने यायचात," ते म्हणाले, "नाही कसं म्हणायचं? शिवाय बहुतेक वेळा तुम्ही उत्तर घेऊनच यायचात."

"आणि सही?"

उत्तर आईंनी दिलं, दाराच्या चौकटीतून. "सही माझी आहे. हे तेव्हा कामासाठी चार महिने बाहेरगावी होते आणि गाडी विकणारा थांबायला तयार नव्हता. बाईच्या नावावर गाडी म्हटल्यावर कचेरीत दहा प्रश्न विचारले असते. मी म्हटलं, कोण उत्तरं देत बसणार? यांचं नाव लिहिलं आणि सही ठोकून दिली."

"मग बाबा, आठ दिवस तुम्ही आलेखाच्या कागदावर..."

"तिच्यावर काही बालंट यायला नको," बाबा म्हणाले. "म्हटलं, जमतंय का बघू."

मग बायकोने हळूच विचारलं, "आई, ठेवायची का गाडी? काढू काहीतरी मार्ग."

आई स्टुलावर बसल्या. पर्समधून एक कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स. मुदत अजून दोन वर्षं बाकी होती. पंचवीस वर्षं गाडी ताडपत्रीखाली, आणि या दर वेळी मुदत संपायच्या आत डॉक्टरचा दाखला घेऊन जाऊन ते नवं करून आणत होत्या. सोबतीला बाबा. आम्हाला दोघं 'बँकेत जाऊन येतो' म्हणून सांगायची.

"एकदा चालवावीशी वाटत होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली काम करत होतात तेव्हा दोनदा मनात आलं विचारावं. पण तुमचं जे चाललं होतं ते चालू दिलं." मग कार्ड परत घेत म्हणाल्या, "ठेवून काय करायचं? गाडी रस्त्यावर फिरायला हवी. ती बाई फिरवेल. आणि यांना लिफ्ट हवी."

साडेपाचचे ते तीन वर्षांचे चहा मला आठवले. मी त्यांना एकदाही वर मान करून, बसा ना, असं म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून माझ्या नखांकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही कचेरीत गेलो. आईंनी खिडकीपाशी उभं राहून कारकुनांसमोर बाबांचं नाव लिहिलं आणि खाली वेलांटी मारली. कारकुनांनी भिंग घेतलं, ठेवलं.

"जुळली," ते म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "पण मालक तर हे आहेत ना?"

"नाव यांचं," आई म्हणाल्या. "सही माझी. तेव्हाही माझीच होती."

एवढा गुन्हा इतक्या शांतपणे कबूल झालेला कारकुनांनी कधी पाहिला नसावा. त्यांनी खिडकीचं अर्धं दार लावून घेतलं. बाबा पुढे सरकून आईंच्या शेजारी उभे राहिले; गुडघा दुखत असूनही ताठ. जरा वेळाने दार उघडलं आणि एक नवाच कागद बाहेर आला. "हे अधिकारपत्र. मालकाने पत्नीला सहीचा अधिकार दिला असं लिहून यांनी सही करायची."

"ती जुळायला हवी?" मी विचारलं.

"अधिकारपत्राची जुनी सही आमच्याकडे नसते," कारकून म्हणाले, "त्यामुळे न जुळायचा प्रश्न येत नाही." आणि पहिल्यांदाच किंचित हसले. बाबांनी मुंग्यांची रांग सोडली. तारीख मात्र पन्नास वर्षांपूर्वीची लागेल असं न म्हणता कारकुनांनी आजचीच टाकायला सांगितली, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

शनिवारी गाडी पोचवायची होती. सकाळी दहा वाजता येतो म्हणून डॉक्टरांना कळवलं. मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेलो आणि तिथून मुकाट्याने मागच्या सीटवर. मागे मी आणि बायको, गुडघे हनुवटीला लावून. पुढे बाबा. आईंनी चोक ओढला, चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि त्यांनी क्षणभर कान देऊन ऐकलं.

"छान लावलंत," आरशातून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या.

फाटकातून बाहेर पडताना त्या नुसतं "उजवीकडे" म्हणाल्या. बाबांच्या बाजूची काच मी नवीन बसवली होती. ती त्यांनी कधीच खाली केलेली होती. त्यांनी जुन्या सवयीने हात बाहेर काढला आणि छपरावरून पलीकडे, उजव्या बाजूला बोट दाखवलं. वळण दाखवायला दारांमागच्या दोन्ही खांबांतून बाहेर येणारे, जुन्या पद्धतीच्या इंडिकेटरचे हात मी महिनाभर खपून दुरुस्त केले होते. ते मी सांगणार होतो. पण बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबांचं तोंड मला मागून दिसत नव्हतं, कान तेवढे दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

पहिली गल्ली गेली, दुसरी गेली. चौथ्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर फाटकात उभ्या दिसल्या. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सरळ पुढे गेल्या. डॉक्टरांचा वर उठलेला हात मी मागच्या काचेतून लहान होताना पाहिला.

मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. बाबांनी काच आणखी खाली केली. पोस्ट ऑफिस गेलं, बायकोची शाळा गेली, बाबांचं जुनं ऑफिस गेलं. तिथे गाडी जराशी हळू झाली, कोणी उतरायचं असल्यासारखी, आणि पुन्हा निघाली. मग गावाबाहेरचा सरळ रस्ता लागला, दोन्हीकडे उंच झाडं. आईंनी टॉप गिअर टाकला. बाबा मध्येच म्हणाले, "इथे तू मला साठाला नेलं होतंस." आई म्हणाल्या, "पासष्ट." बायकोने कधी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं ते कळलं नाही. त्या क्षणी ती सात वर्षांची असावी.

परत येऊन आईंनी डॉक्टरांच्या अरुंद फाटकातून गाडी उलटी आत घेतली तेव्हा पावणेबारा झाले होते. त्यांनी इंजिन बंद केलं, दोन्ही हात थोडा वेळ स्टीअरिंगवरच ठेवले, मग उतरून चावी डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आम्हा चौघांकडे.

"वाटेत काही अडचण आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "रस्ता जरा लांबचा होता."